फायबर बोटीच्या दुमडत्या सीटची बिजागरी ढिली झालीय, खालून हात पोचत नाही. मदत हवी आहे

मंडळी, मामांची बामणोलीला फायबरची छोटी बोट आहे, चार-पाच माणसांची. वासोट्याला मोठ्या लाँचा जातात. ही आपली शिवसागर जलाशयात जवळपास चक्कर मारायला. मी साताऱ्यात असतो, सुट्टीला कासवरून खाली उतरतो. ड्रिल मशीन माझ्याकडे, म्हणून बोटीचा मिस्त्रीही मीच!

पुढच्या सीटची पाठ पुढे दुमडते. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या बिजागऱ्या आहेत. उजवी पावसाळ्याआधीपासूनच खुळखुळत होती. परवा एक काका ऐसपैस रेलले आणि पाठीसकट मागे गेले. मामांनी धरलं म्हणून बरं. तेव्हापासून त्या सीटवर कुणालाच बसू देत नाही.

स्क्रू नुसते गरागरा फिरतात, आवळतच नाहीत. भोकात आगकाड्या आणि सुताराचा पांढरा गोंद भरून पाहिला. दोन फेऱ्या टिकलं, मग पुन्हा तेच. एक नंबर जाड स्क्रूही घातला, त्यानं भोक आणखी मोठं झालं (हा शहाणपणा माझाच). आरपार बोल्ट टाकावा म्हटलं, तर सीटखालचा खोका चारी बाजूंनी बंद आहे, नट धरायला हात जात नाही. एम-सील भरून भागेल का? की सीटच नवी करावी? नवी सीट म्हटलं की मामांचा चेहरा उतरतो.

प्रतिसाद:
दादा, आधी पाठ दुमडून बिजागरीची दोन्ही पानं हातात धरून हलवा. पानं जागेवर आणि मधली पिन खेळत असेल, तर पिन झिजलीय, बिजागरीच बदला. पान फायबरवरून उचललं जात असेल, तर दोष फायबरच्या आतल्या प्लायवूडचा, म्हणजे प्लायचा. भोकात टोच्या घालून भुसा काढा. पांढरट, कोरडा निघाला तर नशीब. काळा, ओला लगदा निघाला तर प्लाय कुजलाय, तिथं जाड स्क्रूचा उपयोग नाही. एम-सील घट्ट असतं, लाकडात मुरत नाही.

कुजलं असेल तर वाकडा केलेला खिळा ड्रिलला लावून भोकातून फिरवा. वरचं फायबर तसंच राहतं, आतला कुजका भाग पोखरून निघतो. मग पूर्ण वाळू द्या. यात घाई केली की सगळं वाया. आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा चिकट राळ) सोडा, मग लाकडाचा भुसा कालवून घट्ट केलेलं ठासून भरा. एक दिवस हात लावू नका. नंतर स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून स्टेनलेसचे स्क्रू, खाली सिलिकॉन.

पण माणूस रेलणार असेल तर मी बोल्टच टाकेन. खोक्याच्या आतल्या बाजूला, जिथं पाय लागत नाही तिथं, हात जाईल एवढं गोल भोक पाडा आणि त्यावर आट्यांचं, फिरवून बसणारं झाकण बसवा. आत नटाखाली रुंद पट्टी हवी, नुसता वायसर फायबर चिरतो. नट आत नायलॉनची कडी असलेला घ्या, इंजिनाच्या थरथरीत साधा सुटतो.

धागाकर्ता:
आभार! पिन ठीक आहे. उजवीकडून काळा लगदा, चहाच्या चोथ्यासारखा. डावीकडचा भुसा कोरडा. उजवीकडे पोखरून भरतो आणि बोल्टही टाकतो. झाकणासाठी खोका कापायला मामा तयार झालेत, फक्त मोटारीच्या बाजूनं नको म्हणतात. डावीकडचे स्क्रू आत्ताच काढून त्यांनाही इपॉक्सी द्यावं का, की चालतंय ते छेडू नये?