मनीमेकरइतकंच १९७१ महत्त्वाचं

२००३ साली ख्रिस मनीमेकर हा हौशी खेळाडू जिंकला आणि तिथूनच वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर (पोकर या पत्त्यांच्या खेळाची दरवर्षीची स्पर्धामालिका) मोठी झाली, असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं.

१९७० मध्ये लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू या कॅसिनोत पहिली स्पर्धा झाली, तेव्हा विजेता चक्क मतदानाने ठरला! दिग्गज मंडळी रोख पैशांवर खेळली आणि शेवटी त्यांनीच जॉनी मॉसला निवडलं. खरा बदल १९७१ चा. सगळ्यांनी सारखेच पाच हजार डॉलर भरायचे, त्या बदल्यात मिळालेल्या चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) संपल्या की बाहेर, शेवटी उरेल तो विजेता. तेव्हाही मॉसच जिंकला, म्हणजे मतं चुकली नव्हती. हे मला फार आवडतं.

हा नियम नसता तर ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून आलेला मनीमेकर, टेनेसीचा एक अकाउंटंट, व्यावसायिक खेळाडूंसमोर बरोबरीने बसलाच नसता. झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं श्रेयही विसरू नका. त्यामुळे टीव्हीवर डाव कळू लागला. मुख्य स्पर्धेत २००३ ला ८३९ खेळाडू होते, २००६ ला ८,७७३. त्याच वर्षी अमेरिकेत ऑनलाइन जुगाराच्या पैशांच्या व्यवहारांवर बंधनं घालणारा कायदा आला आणि पुढच्या वर्षी संख्या घटली.