तिन्ही फेजवर टेस्टर पेटतो, तरीही

लेथची थ्री-फेज मोटर न फिरता नुसती गुरगुरत असेल तर काँटॅक्टरच्या (मोटरला सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) खालच्या टर्मिनलांना टेस्टर (वीज असली की दिवा पेटणारा स्क्रूड्रायव्हर) लावून पाहावा आणि तो तिन्ही फेजवर, म्हणजे सप्लायच्या तिन्ही जिवंत तारांवर, पेटला तर सप्लाय ठीक समजून मोटर रिवाइंडिंगला (आतली तारेची गुंडाळी नव्याने भरायला) द्यावी, असे एकाने सुचवले आहे. गुरगुरणारी मोटर आधी बंद करावी हा त्यातला भाग पटतो, पण टेस्टरवर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते. एका फेजचा फ्यूज उडालेला असला आणि काँटॅक्टर ओढलेला (जोडलेल्या स्थितीत) असला, तर उरलेल्या दोन फेजचे व्होल्टेज मोटरच्या वाइंडिंगमधून फिरून त्या मेलेल्या फेजच्या टर्मिनलवर येते आणि टेस्टर तिथेही पेटतो. आमच्याकडे याच कारणाने एक चांगली मोटर विनाकारण उघडली गेली होती. दोष फ्यूजचा होता.

४१५ व्होल्टच्या सप्लायवर मोटर जागीच अडली असेल, तर दोन जिवंत फेजमध्ये ४१५, पण मेलेल्या फेजपासून त्या दोन्हींपर्यंत साधारण २०७ व्होल्टच दिसतात. मात्र फिरत्या मोटरवर हा फरक बराच कमी होतो, त्यामुळे तिथे मल्टीमीटरही फसवू शकतो. म्हणून मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, मीटर नीट चालतो याची खात्री म्हणून तो आधी जिवंत जागी (जिथे वीज नक्की आहे तिथे), मग कामाच्या जागी आणि पुन्हा जिवंत जागी लावून पाहावा, आणि त्यानंतरच फ्यूज बाहेर काढून त्याची कंटिन्यूइटी (आतली तार अखंड आहे का ते) पाहावी.