मदत हवी आहे: केबलवर वाहिन्यांचा अख्खा संच बंद, पैसे मात्र पूर्ण

नाशिकच्या सिडकोत कुणाकडे सध्या केबलवर असं होतंय का? एकाच समूहाच्या सगळ्या वाहिन्या अचानक गेल्या, पडद्यावर नुसती पट्टी. केबलवाल्या दादांना फोन केला तर म्हणाले, "वरून बंद केलंय, दरावरून भांडण चालू आहे." त्यांचं चुकतं असं नाही, पण महिन्याचे पैसे आधीच घेऊन झालेत. आई संध्याकाळच्या मालिकेसाठी रोज विचारते, तिला 'वरून' म्हणजे कुठून ते काय सांगू?

फेब्रुवारी २०२३ मध्येही असंच झालं होतं. ट्रायच्या (दूरसंचार आणि प्रसारणाचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नव्या दरांवरून काही केबल कंपन्यांनी करार केले नाहीत, म्हणून मोठ्या प्रसारकांनी, म्हणजे वाहिन्या चालवणाऱ्या कंपन्यांनी, सिग्नल तोडला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. प्रसारकाला सिग्नल तोडण्याआधी वितरकाला, म्हणजे केबल कंपनीला, तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. मग ग्राहकाला आयत्या वेळी का कळतं? प्रसारक आणि वितरक टीडीसॅटमध्ये (दूरसंचार आणि प्रसारणाचे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) भांडू शकतात, आपण एकेकट्याने तिथे जाऊ शकत नाही, ग्राहकांचा गट मात्र जाऊ शकतो असं वाचलंय.

विचारायचं ते एवढंच: बंद दिवसांचे पैसे कुणाला बिलातून वजा करून मिळालेत का? तक्रार केबल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारींसाठी नेमलेला वरचा अधिकारी) करायची की सरळ ग्राहक मंचात? डीटीएच घ्या हा सल्ला नको, तिथेही हीच भांडणं होतात. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडे काय परिस्थिती आहे तेही कळवा.