६५ इंची टीव्ही : पीएस५, व्हीआर२ आणि समुद्र अर्ध्या किलोमीटरवर

खारा_वारा :
गणपतीआधी टीव्ही घ्यायचाय. सगळी माहिती एकदमच देतो, म्हणजे परत विचारायला नको.

वेंगुर्ल्याजवळ घर, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. जुनं, जांभ्या चिऱ्याचं. हॉल १४ बाय ११ फूट. पश्चिमेला पडवी आणि दोन मोठ्या खिडक्या. सोफ्यावर बसलं की डोळ्यापासून टीव्हीपर्यंत साडेसात फूट भरतील. पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल) आहे, त्याचा व्हीआर२ हेडसेट (डोळ्यांवर लावून खेळायचा) घ्यायचा आहे. साउंडबार जुना, डिश आहे. दिवसा घरचे मालिका बघणार, गेम रात्री.

५५ घेऊ, ६५ की ७५? ओलेड (ज्यात दर ठिपका स्वतः उजळतो) की मिनी-एलईडी (ज्यात पडद्यामागे बारीक दिवे असतात)? दुकानदार म्हणतो 'मोशन १२०' असं लिहिलेला घ्या, व्हीआरला तोच लागतो. खरं का? भिंतीला लावू का? आणि स्टॅबिलायझर कितीचा?

हर्ट्झमास्तर :
आधी दुकानदाराचं. व्हीआरला टीव्ही लागतच नाही. व्हीआर२ च्या आत स्वतःचे दोन ओलेड पडदे आहेत, दर डोळ्याला २००० × २०४०, ९० किंवा १२० हर्ट्झ (सेकंदाला तितकी चित्रं). हेडसेट पीएस५ च्या पुढच्या यूएसबी-सी पोर्टला थेट जोडायचा. टीव्हीवर फक्त बाकीच्यांना बघायला चित्र येतं. त्यामुळे व्हीआरच्या नावाखाली टीव्हीवर एक रुपयाही जास्त घालू नका. टीव्ही निवडायचा तो साध्या पीएस५ गेमसाठी.

आता १२०. 'मोशन रेट १२०', 'मोशन २४०' हे मधल्या फ्रेम बनवून दाखवायचे आकडे. त्यातल्या बऱ्याच टीव्हींचं पॅनल ६० हर्ट्झचंच असतं. 'एचडीएमआय २.१' एवढ्या शब्दांवरही जाऊ नका, त्यातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे ६० हर्ट्झच्या टीव्हीवरही ते लिहिलेलं सापडतं. तिसरा प्रकार डीएलजीचा : ६० हर्ट्झचं पॅनल १२० वर पळवतात, पण आडव्या रेषा निम्म्या होतात आणि बारीक अक्षरं फाटल्यासारखी दिसतात.

खात्री करायची तर पीएस५ पिशवीत घालून दुकानात न्या. त्याच्यासोबत आलेलीच केबल लावा, टीव्हीच्या १२० लिहिलेल्या पोर्टमध्ये. त्या पोर्टचं सिग्नल सेटिंग टीव्हीत आधी मोठं करावं लागतं : सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'डीप कलर'. मग पीएस५ च्या सेटिंग्जमध्ये 'स्क्रीन अँड व्हिडिओ'त जाऊन 'व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन' उघडा. १२० हर्ट्झसमोर ३८४० × २१६० दिसलं तर टीव्ही खरा. फक्त १९२० × १०८० दिसलं तर पॅनल ६० चं समजा. त्याच पानावर व्हीआरआरही (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणं) बघून घ्या. पीएस५ मध्ये तो ४८ ते १२० हर्ट्झच्या मध्ये चालतो, म्हणजे ४८ च्या खाली घसरणाऱ्या गेमला त्याचा उपयोग नाही.

पोर्ट मोजा. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत चारपैकी दोनच पोर्ट १२० घेतात आणि त्यातलाच एक ईआर्क, म्हणजे साउंडबारचा. तुमचा एकच कन्सोल, एक साउंडबार, म्हणजे भागेल. पुढे दुसरा कन्सोल आला की कुरबूर सुरू. एलजीच्या सी मालिकेत चारही पोर्ट १२० घेतात. पीएस५ जुन्या साउंडबारमधून टीव्हीला नेऊ नका, तो मधेच १२० आणि व्हीआरआर अडवतो. पीएस५ थेट टीव्हीला, आणि टीव्हीचा आवाज आर्कने साउंडबारला.

डॉल्बी व्हिजन (उजेड-काळोखाचा फरक खुलवणाऱ्या एचडीआरचा एक प्रकार) नाही म्हणून एखादा टीव्ही बाद करू नका. पीएस५ गेममध्ये ते देतच नाही, एक्सबॉक्स देतो.

चिरेबंदी :
साइझ : साडेसात फूट म्हणजे २३० सेंमी. गेमसाठी कर्णाच्या सव्वापट, मालिका-बातम्यांसाठी दीडपटीच्या आसपास, हा ढोबळ हिशोब. ६५ इंच म्हणजे १६५ सेंमी, त्याचं २०६ ते २४८. तुमचे २३० बरोबर मध्ये पडतात. ७५ गेमला चालेल, पण डिशचं एसडी (कमी स्पष्टतेचं) चॅनल त्यावर धुरकट दिसेल आणि रोज कोणीतरी बोलून दाखवेल. ६५ घ्या. रुंदी १४४ सेंमी, उंची ८१, स्टँड वेगळा. टीपॉय आधी मोजा, टीव्हीचे पाय बऱ्याचदा दोन टोकांना असतात.

भिंत : पश्चिमेच्या भिंतीला नको. पावसाळ्यात झड तिकडूनच येते, आतून ओल धरते आणि टीव्हीची पाठ त्या ओलीला टेकून राहते. खिडकीसमोरच्या पूर्वेच्या भिंतीवर दुपारनंतर पडद्यात खिडकीच दिसेल. उत्तर किंवा दक्षिणेची, त्यातही आतल्या खोलीला लागून असलेली भिंत बघा.

जांभ्याला साधा फास्टनर लावू नका. दगड सच्छिद्र, फास्टनर फुगला की आतला चिरा भुगा होऊन सुटतो. पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, महिन्याभराने ढिला. ६५ इंची टीव्ही २०-२५ किलोचा असतो. लावायचाच तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा, आधी बारीक बिट, मग मोठा. भोक चिऱ्याच्या पोटात हवं, सांध्यात नको, जुन्या घरात सांध्यात मातीच असते. आतली धूळ फुंकून काढा, जाळीची स्लीव्ह घाला, केमिकल अँकर (बोल्ट चिकटवून धरणारं रसायन) भरा, आणि पूर्ण सुकेपर्यंत वजन देऊ नका. पुढे ओढायचा हात असलेला ब्रॅकेट टाळा, हात बाहेर काढला की वरच्या बोल्टवर ताण कैक पटींनी वाढतो.

माझं मत विचाराल तर टीपॉयवरच ठेवा. मागे १० सेंमी हवा. लाकूड असेल तर पायाशी वाळवीचं औषध मारून घ्या.

न्यूट्रल_वायर :
स्टॅबिलायझर कशाला? टीव्ही आणि पीएस५ दोघांच्याही आत एसएमपीएस (कमी-जास्त व्होल्टेज सांभाळून घेणारा पॉवर सप्लाय) आहे, बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो. १६० झालं तरी दिवे मंद होतील, टीव्ही नाही. स्टॅबिलायझर जुन्या फ्रीजसाठी ठीक. इकडे माल जळतो तो कमी व्होल्टेजने नाही, जास्तीने.

तारेवर माडाची झावळ पडते, न्यूट्रल तुटतो, आणि ज्या फेजवर लोड कमी त्या घरांत २३० च्या जागी ३००-३५० येतात, कधी ४०० च्या आसपास. काही सेकंद पुरतात. त्यासाठी बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. वरची मर्यादा २६५-२७०, खालची १७०, आणि लाईट परत आल्यावर तीन मिनिटांचा विलंब. लाईट ये-जा करते तेव्हा पहिला झटका टीव्ही खात नाही.

त्याच्या जोडीला बोर्डात टाइप-२ सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणारा). पण अर्थिंग नसेल तर तो नुसती डबी. कातळावर घर असेल तर इथेच घोडं अडतं, कोरडा जांभा वीज जमिनीत सोडत नाही. घराला लागून भोक पाडण्यापेक्षा विहिरीजवळ किंवा आगरातल्या ओल्या मातीत रॉड घाला आणि वायर घरापर्यंत आणा. जीआय पाइप खाऱ्या जमिनीत गंजतो, तांब्याचा मुलामा असलेला रॉड आणि भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती). वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन यायला सांगा. ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम. घरच्या घरी मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघता येतं, लोड चालू असताना २-३ व्होल्टच्या वर असेल तर काहीतरी चुकतंय.

आणि विजा. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात प्लग काढला, शाब्बास, पण डिशची केबल तशीच. छपरावरच्या छत्रीपासून केबल सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत, टीव्हीतून दुसऱ्या एचडीएमआयने पीएस५ मध्ये. वीज लांब पडली तरी त्या केबलीत झटका येतो आणि आधी एचडीएमआयची चिप जाते. टीव्ही चालू दिसतो, फक्त 'नो सिग्नल'. ढग वाजायला लागायच्या आधीच प्लग आणि छत्रीची केबल, दोन्ही काढा. वर कडकडाट चालू असताना केबलीला हात लावत बसू नका.

यूपीएस : पीएस५ गेममध्ये २०० वॉटच्या आसपास, ६५ इंची एचडीआरमध्ये १५० ते २५०, वर राउटर आणि साउंडबार. ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटचाच असतो, नेमका रंगात आल्यावर टूं करून बसेल. १ केव्हीए, प्युअर साइन वेव्ह. पीएस५ रेस्ट मोडमध्ये (अर्धवट बंद) ठेवून झोपू नका, पूर्ण बंद करा. रेस्टमध्ये लाईट गेली की पुढच्या वेळी स्टोरेज तपासत बसतो, आणि बाहेरची हार्ड डिस्क असेल तर तिच्यावरचा डेटाही बिघडू शकतो.

काळोख_प्रेमी :
रात्री गेम खेळणाऱ्या माणसाला कोणी ओलेड सांगितलाच नाही? काळा खरा काळा, पिक्सेल बदलायला मिलिसेकंदाचा दहावा भाग. मिनी-एलईडीत गेम मोड लावला की मागच्या दिव्यांचे झोन आळसावतात, काळ्या आकाशात चांदण्याभोवती पांढरा धूर दिसतो.

न्यूट्रल_वायर :
@काळोख_प्रेमी ओलेडचं खरं, पण एक गोष्ट राहिली. चारेक तास वापर झाला की ओलेड बंद केल्यावर आतल्या आत पिक्सेल सारखे करून घेतो, दहाएक मिनिटं. इकडची सवय अशी की रिमोटने बंद, लगेच भिंतीचं बटण बंद. रोज असं केलं तर ते काम कधीच होत नाही आणि डाग लवकर धरतात. ओलेड घेतलात तर रिमोटने बंद केल्यावर पंधरा मिनिटांनी बटण.

काळोख_प्रेमी :
मान्य. बातम्यांच्या चॅनलची खालची लाल पट्टी रोज पाच-सहा तास चालणार असेल तर मीसुद्धा ओलेड म्हणणार नाही. गेममधल्या आरोग्य-पट्टीपेक्षा ती पट्टी वाईट, ती हलतच नाही.

चिरेबंदी :
आणि पडवीचा उजेड. दिवसा दारं-खिडक्या उघडी असणाऱ्या घरात मिनी-एलईडीच. फक्त पॅनल व्हीए जातीचं आहे का विचारा, दुसरी जात आयपीएस. आयपीएसचा काँट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) हजाराला एक, व्हीएचा तीन हजारांच्या वर. कोपऱ्यातल्या पाटावर बसणाऱ्यांना व्हीए जरा फिकट दिसेल, तेवढं सोसायचं.

खारा_वारा :
सगळ्यांचे आभार. घरी बातम्या दिवसभर, त्यामुळे ६५ मिनी-एलईडी, दक्षिणेच्या आतल्या भिंतीला टीपॉयवर. वायरमनला सांगितलंय. दोनच शंका : पावसात एसी लावला तर टीव्हीला घाम येतो म्हणतात, ते खरं का? आणि व्हीआरला जागा पुरेल का?

हर्ट्झमास्तर :
घाम खरा. बाहेर ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर सुमारे २७ अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. खोली २२ वर गार केली, मग एसी बंद करून पडवीचं दार सताड उघडलं की थंडगार टीव्हीच्या आतबाहेर दव. तसाच चालू केला तर शॉर्ट. एसी २६ वर ठेवा, बंद केल्यावर दार अर्ध्या तासाने उघडा. पावसाळ्यात टीव्ही रोज तासभर तरी चालू राहू दे, त्याच्या उबेनेच तो कोरडा राहतो. वापरात नसलेल्या पोर्टांना सिलिकॉनची टोपणं लावा, खाऱ्या हवेने आतले पाय हिरवे पडतात. साफ करायचं तर काँटॅक्ट क्लीनर, गंज सोडवायचा तेलकट स्प्रे नको.

जागा : २३० मधून टीपॉयचे ४० आणि डोळ्यापुढे येणाऱ्या सोफ्याचे ६० वजा करा. राहिले १३० सेंमी. बसून किंवा जागेवर उभं राहून खेळायला १ × १ मीटर लागतो, तो आहे. खोलीभर फिरायच्या गेमला किमान २ × २ मीटर हवा, म्हणजे सोफा मागे सरकवायचा आणि मधलं टेबल बाहेर. वर बघायला विसरू नका. माळ्याच्या घरात पंखा खाली असतो, हात वर करून कंट्रोलर धरला की सात फुटांच्या वर जातो. पंखा बंद करून खेळा.

हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की पडद्यावर कायमचा डाग पडतो, पश्चिमेचं तिरकं ऊन तर हमखास. अंधारात आणि आरशासमोर त्याचे कॅमेरे चुकतात. दिवा लावा, चकचकीत शोकेसवर चादर टाका. तरी हात भलतीकडे गेला तर व्हीआर२ च्या सेटिंगमध्ये 'ट्रॅकिंग सपोर्ट' चालू करा, मग टीव्हीच्या पडद्यावर खुणा येतात आणि त्यावरून हेडसेट स्वतःची जागा ओळखतो. टीव्ही व्हीआरच्या कामी येतो तो एवढाच.

चिरेबंदी :
एकच राहिलं. टीव्ही टेंपोतून उभाच आणा, आडवा नको. घाटात, खड्ड्यांत आडवा पॅनल मधून वाकतो. सही करायच्या आधी खोका उघडून लाल, हिरवा, निळा, पांढरा असे पूर्ण पडदे लावून बघा, आणि खोका फोडतानाचा व्हिडिओ घ्या. रिकामा खोका महिनाभर माळ्यावर ठेवा, बदलून घ्यायची वेळ आली तर तोच लागतो.

खारा_वारा :
टेंपोवाल्याला आत्ताच सांगून ठेवतो. माळ्यावर जागा करतो.