मुलगा सज्ञान, व्यसनात, आणि उपचाराला तयार नाही: तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

गोदाकाठची_आई
काल रात्री आमच्या गल्लीत एक गाडी आली, चौघं उतरले आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या पोराला उचलून घेऊन गेले. सकाळी दूध आणायला उतरले तर त्याची आई पायरीवर बसलेली, मांडीवर त्याची एक चप्पल. दुसरी पायात गेली, ही जिन्यात राहिली. ती पदराने चपलेची माती पुसत होती. मी दूध न आणताच परत आले.

आमचा 24 चा होता तेव्हा. आधी दारू, मग पावडर. आम्हीही असाच एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्राला फोन केलेला, ते म्हणाले तुम्ही फक्त दार उघडा बाकी आमचं आम्ही बघतो. दार मी उघडलं. साडेतीन महिन्यांनी सोडला, आठव्या दिवशी परत प्यायला आणि माझ्याशी वर्षभर बोलला नाही.

नंतर एका वकीलबाईंनी समजावलं की 18 पूर्ण झालेल्याला आईबापाच्या सहीवर असं कोंडता येत नाही. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्यात दारू-ड्रग्जमुळे होणारी मानसिक अवस्थाही आजारात धरली आहे. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलाय किंवा स्वतःचं काहीच बघू शकत नाही अशी वेळ असेल तर कलम 89. दोन डॉक्टर-तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ पाहिजे, आणि घरच्याचा अर्ज. जास्तीत जास्त 30 दिवस. दुसऱ्या वेळी आम्ही तसंच केलं. चार दिवस जेवला नव्हता, टीव्ही फोडलेला. डॉक्टरांनी त्याच्यासमोर बसून त्याला सांगितलं काय चाललंय ते. शिव्या दिल्या त्याने, पण फसवलं असं नंतर कधी म्हणाला नाही.

तुमचं लिहा. त्या समोरच्या ताईंना वाचून दाखवायचंय.

सिडको_मनीषा
वाचून पोटात कालवलं ताई. कुकर लावलाय, रात्री लिहिते.

सातपूर_भाऊ
अर्ज कोणी करायचा? आमच्या पुतण्याची बायको माहेरी निघून गेलीये, तिची सही लागेल का? आईची चालेल का? तिकडून फोनच उचलत नाहीत.

गोदाकाठची_आई
@सातपूर_भाऊ आईची चालते. त्याने आधी लिहून कुणाला प्रतिनिधी नेमलं नसेल तर नातेवाईक चालतो, रक्ताचा असो की लग्नाचा.

नाशिकरोड_पप्पा
2023 ला शिंदे गावात एमडीचा (नशेची पावडर) कारखाना सापडला, पेपरात आलं तेव्हा मला वाटलं हे आपल्या घरापासून लांबचं आहे, तेव्हा आमचा पोरगा आतल्या खोलीत झोपलेला होता आणि तीन रात्री झोपला नव्हता म्हणून आत्ता झोपलाय हे मला कळलंच नाही. मुद्दा असा की मी डॉक्टरकडे नेत नव्हतो कारण भीती, पुडी सापडली तर केस होईल, पोलीस भरतीचा फॉर्म भरलेला. वर्ष गेलं त्यात. एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, कलम 64अ आहे. सेवनाची केस असेल किंवा माल अल्प प्रमाणात असेल, आणि माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात, अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. हे मला एक वर्ष आधी कोणी सांगितलं असतं तर.

पंचवटी_रेखा
दादा कसाय आता तो?

नाशिकरोड_पप्पा
सात महिने झाले. जेवतो, झोपतो. फॉर्मचं नाव काढत नाही आम्ही.

मेरी_नर्स
ड्युटी संपली, उभ्यानेच लिहितेय. कृपा करून कोणीही रोज पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून दारू सोडवू नका. आमच्याकडे आणतात तेव्हा फिट येऊन गेलेली असते, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडत असतो, हात थरथरतात, घाम, ताप. त्यात माणूस जातो. आईवडील सांगतात आम्ही प्रेमानेच कोंडलं हो. अशा वेळी कागदांची वाट बघू नका. त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 94 खाली इमर्जन्सीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, नेमलेल्या प्रतिनिधीची, तो नसेल तर नातेवाईकाची संमती हवी, ती पण मिळण्यासारखी असेल तर. आणि साखळीने बांधणं कायद्यानेच बंद आहे. कुठल्या केंद्रात साखळी दिसली तर तिथून पोराला घेऊन बाहेर पडा.

कॉलेजरोड_विशाल
मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मला उचललं होतं. आई दारात उभी होती आणि मला तिचा गाऊन आठवतो, निळा, खिशाला शिवण उसवलेली. पाच वर्षं झाली मी घेत नाही, पण त्या केंद्रामुळे नाही. नंतर मी स्वतः सही करून भरती झालो, त्याच कायद्याचं कलम 86. तिथे नियम असा की मी म्हटलं घरी जायचंय तर सोडावं लागतं, फार तर 24 तास थांबवून तपासू शकतात. दोनदा बॅग भरली. दार उघडं आहे हे माहीत होतं म्हणून दोनदा परत ठेवली. आईला आता सांगितलंय, गाऊन फेकून दे.

पंचवटी_रेखा
विशाल बाळा 🙏 आईला माझा नमस्कार सांग.

सिडको_मनीषा
आले. माझं वेगळं आहे, मी त्याला भरती करू शकले नाही, मी स्वतःला वाचवलं. मुलगा 31 चा, पैशासाठी अंगावर यायचा. मंगळसूत्र गेलं, मग गॅसची टाकी विकली. लोक म्हणायचे आई आहेस, सहन कर. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा फक्त सुनांसाठी असतो असंच मला वाटायचं. आईला सज्ञान मुलाविरुद्धसुद्धा जाता येतं. विधी सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत, 15100 ला फोन लावला होता मी. संरक्षणाचा आदेश मिळाला. त्या दिवशी घरी येऊन मी दार आतून लावून खूप रडले, कारण लावलेल्या दाराबाहेर माझंच पोर होतं. तीन महिन्यांनी तोच म्हणाला मला कुठेतरी ने. आदेशामुळे की पैसे संपले म्हणून, मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

सातपूर_भाऊ
ताई 😔 साठीच्या पुढच्यांना प्रांत ऑफिसला पण जाता येतं ना? ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा.

सिडको_मनीषा
हो, तिथे न्यायाधिकरण असतं. आईबापांना तिथे साठीची अट नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गंगापूररोड_काका
पोलिसांनी आमच्या भाच्याला रस्त्यावर दंगा करताना धरला, मॅजिस्ट्रेटसमोर उभा केला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि तपासणीसाठी 10 दिवस भरतीचा आदेश दिला. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 102. दहा दिवसांत काय होतं असं बहीण म्हणाली. दहा दिवसांत तिने पहिल्यांदा सलग झोप घेतली, एवढं तर झालं.

पंचवटी_रेखा
घरच्यांसाठी पण मीटिंग असतात, अल-अनॉन. मी नवऱ्यासाठी जायला लागले, आता स्वतःसाठी जाते. आणि रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 टेलिमानस (मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन), व्यसनाचं 14446. टेलिमानसवर मराठीत बोलतात.

गोदाकाठची_आई
समोरच्या ताईंकडे जाऊन आले. सगळं वाचून दाखवलं, विशालचं दोनदा वाचायला लावलं. केंद्राचा पत्ताच दिला नव्हता त्यांना, फक्त फोन नंबर. उद्या त्या नंबरवरून पत्ता काढून माझे मिस्टर आणि त्या ताई, दोघं जाऊन त्याला बघणार, डॉक्टर कोण, केंद्राची नोंदणी आहे का, ते विचारणार. नाही म्हणाले तर घेऊन सिव्हिलला.

मेरी_नर्स
सकाळी लवकर जा, केस पेपरला रांग असते. त्याचं आधार कार्ड घ्या आणि आधीची औषधं असतील तर पाकिटासकट.

कॉलेजरोड_विशाल
काकू, त्याची ती चप्पल पण न्या.