जुना स्क्वीझबॉक्स टच आजही वापरावा का?

प्रश्न: वडिलांचा लॉजिटेक स्क्वीझबॉक्स टच (घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवणारा प्लेअर) कपाटातून काढून मी अँप्लिफायरला जोडला आहे. पडदा उजळतो, पण गाणी कुठून पुरवावीत हे समजत नाही. नवा स्ट्रीमर घेणेच योग्य ठरेल का?

उत्तर १: कृपया तो टाकून देऊ नका. २०१२ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवाही बंद झाली, तरी त्याला गाणी पुरवणारा सर्व्हर (संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर) मुक्त स्रोत असल्यामुळे लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने आजही त्यावर काम सुरू आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तो बसवून हार्ड डिस्क जोडली, की संपूर्ण संग्रह मुखपृष्ठांसह टचच्या पडद्यावर येतो.

उत्तर २: सहमत. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंतच्या फायली तो स्वतः वाजवतो. त्यापुढच्या सर्व्हर रूपांतरित करून देतो. कोअ‍ॅक्शियल आउटपुटला वेगळा डॅक (डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉग ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) जोडल्यावर मला तानपुऱ्याची जवारी इतकी मोकळी ऐकू आली, की त्या रात्री मी ख्याल अर्ध्यावर सोडून उठू शकलो नाही.

उत्तर ३: अडॅप्टर बदलावा लागल्यास तो ५ व्होल्टचाच घ्यावा, स्क्वीझबॉक्स रेडिओचा अडॅप्टर याला चालत नाही.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. रविवारी सर्व्हर बसवतो.