मोठी शाळा मोडून तीन लहान शाळा केल्या तर? अनुभव असेल तर सांगा

खडूवाली, विक्रोळी:
नमस्कार. एका अनुदानित मराठी माध्यमिक शाळेत मी १९ वर्षं गणित शिकवतेय. सकाळ-दुपार अशी दोन अधिवेशनं, एकेका तुकडीत साठ मुलं, दहावीचा निकाल दरवर्षी खालीच. दिवाळीनंतर नववीतला एक मुलगा तीन आठवडे आला नाही. आम्हा सात शिक्षकांपैकी प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणी चौकशी केली असेल. शेवटी मला तो स्टेशनबाहेर भजीच्या गाडीवर दिसला. मला बघून त्याने मान खाली घातली. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता संस्था म्हणतेय, एकेका मजल्यावर एकेक अशा तीन लहान शाळा करू. याने खरंच फरक पडेल?

अमित_ठाणे:
बाई, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये पूर्व ६७व्या रस्त्यावर जुलिया रिचमन हायस्कूल होतं, जवळपास ३,००० मुलांचं आणि पार ढासळलेलं. १९९०च्या दशकात तिथे नवे प्रवेश थांबवले आणि आधीची मुलं एकेक इयत्ता बाहेर पडत जुनी शाळा संपत गेली. नव्या लहान शाळा आधी दुसऱ्या जागी रुजल्या, मग त्यातल्या काही या इमारतीत आल्या. प्रत्येकीचे मुख्याध्यापक वेगळे, शिक्षक आपले आपण निवडलेले. दारातली धातुशोधक यंत्रंही काढली.

उलट अमेरिकेतच डेन्व्हर शहरातल्या मॅन्युअल हायस्कूलच्या २००१ मध्ये त्याच इमारतीत तीन शाळा केल्या. २००६ मध्ये सगळंच बंद करावं लागलं. अशा शाळांना भरपूर पैसा देणाऱ्या बिल गेट्स यांनीही २००९च्या पत्रात लिहिलं की, त्यातल्या बऱ्याच शाळांत मुलांची प्रगती म्हणावी तशी झाली नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक, परळ:
आपल्या महापालिकेच्या कितीतरी इमारतींत मराठी, हिंदी, उर्दू शाळा शेजारी शेजारी भरतात, प्रत्येकीचे मुख्याध्यापक वेगळे. नुसत्या भिंतीने मूल ओळखीचं होत नाही, बाई. शिवाय संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे त्या सरकारी मंजुरीत, पदं पटावर ठरतात. कागदोपत्री तीन शाळा केल्यात तर पट विभागला जाईल आणि शिक्षक अतिरिक्त ठरतील. नोंदणी एकच राहू द्या, आतून गट पाडा. आठवीला जे शिक्षक, तेच दहावीपर्यंत. आणि त्यांना आठवड्यातून एक तास एकत्र बसायला मोकळा ठेवा. त्या तासाला फक्त मुलांबद्दल बोलायचं.

खडूवाली, विक्रोळी:
सर, तो तास मी मागून घेणारच. आमच्याकडे मोकळा तास म्हणजे गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळायचा. अमित, सगळी शाळा एकदम न मोडता नव्या प्रवेशांपासून सुरुवात करायची हेही पटलं. जूनमध्ये फक्त आठवीच्या दोन तुकड्या आणि पाच शिक्षक, एवढंच मागते. १२० मुलांची घरं आम्ही पाचजण दिवाळीपर्यंत पाहू शकतो.

एक अडचण आहे. चित्रकला आणि पी.टी.चे शिक्षक दोन्ही अधिवेशनांना मिळून एकेकच. असं वेळापत्रक कुणी बसवलं असेल तर फोटो टाका. शनिवारी शाळा समितीची बैठक आहे.